कुत्र्याला साप चावला तर

विदर्भात अड्याळकडे धानाची रोवणी लागली की बांधीत, तणसाच्या ढिगात साप निघतात आणि कुत्रा आधी नाक घालतो. म्हणून दंश बहुतेकदा तोंडावर किंवा पुढच्या पायावर. घोणस चावली तर थोबाड सुजतं, लघवी लाल होऊ शकते. नाग-मण्यारच्या विषाने पाय लुळे पडतात, श्वास अडतो. मण्यारच्या दंशाला तर सूजही फारशी नसते! माणसांना देतात तेच प्रतिविष जनावरांनाही देतात. जीव लहान म्हणून डोस कमी नसतो, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. गळपट्टा काढा, कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. झाडफूक नको, जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा, थेट पशुवैद्यक गाठा.