सतरा तासांचा मुक्काम

मिरज जंक्शनला गाडी बदलणं हा आमच्या घरातल्या जुन्या माणसांचा नेहमीचा अनुभव. एके काळी या एका स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडची छोटी नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या. एकीतून उतरायचं आणि दुसरीची वाट बघायची. मधले चार-पाच तास मोकळे. आमच्या दादी सांगायच्या, सामानापाशी एकाला बसवायचं आणि बाकीच्यांनी ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात जाऊन फातिहा पढून यायचं. सामानापाशी कोण बसणार हेही ठरलेलं असायचं. ज्याला दम धरवत नाही त्याला बसवायचं नाही, कारण तोच उठून शोधायला निघतो आणि मग सगळ्यांची गाडी चुकते.

आता गाडीच्या जागी विमान आलं. आखातात, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आपली मुलं नोकरीला आहेत. त्यांना भेटायला निघालेली सांगली-साताऱ्याची कुटुंबं जेद्दाह, दोहा, दुबई, इस्तंबूल अशा ठिकाणी विमान बदलतात. स्वस्त तिकीट घ्यावं तर मधला थांबा दहा-पंधरा तासांचा निघतो. अशा वेळी बाहेर पडावं की बसून राहावं? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, म्हणून हे लिहितो आहोत.

लंडनला धाकट्या भावाकडे जायचं होतं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि अम्मी. अम्मी साताऱ्यात राहतात, वय बहात्तर, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी रोजची. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी दोनदा हजचा फॉर्म भरला, दोन्ही वेळा सोडतीत नाव आलं नाही. तिसऱ्यांदा भरायचं म्हणत होते, तेवढ्यात कोरोनात ते गेले. त्यानंतर अम्मींनी घरात हजचा विषय कधी काढला नाही.

तिकीट पाहताना आम्ही सहज बोलून गेलो, ‘जेद्दाहला विमान बदलायचं आहे, सतरा तास थांबावं लागेल.’

अम्मी म्हणाल्या, ‘जेद्दाहहून मक्का किती लांब?’

‘साताऱ्याहून पुणे असेल तेवढं.’

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘साताऱ्याची माणसं पुण्याला कामाला जाऊन संध्याकाळी घरी येतात, बेटा.’

पुढे काही बोलायची गरजच उरली नाही.

सौदी अरबने जानेवारी २०२३ पासून थांब्याचा व्हिसा सुरू केला आहे. सौदिया किंवा फ्लायनास या विमान कंपन्यांचं तिकीट काढताना तो सोबतच मागता येतो. प्रक्रिया आणि विम्याचं शुल्क तेवढं भरावं लागतं. त्यावर ९६ तासांपर्यंत राहता येतं आणि उमराही करता येतो. उमऱ्याची वेळ नुसुक या अॅपवर नोंदवून परवानगी घ्यावी लागते. हजच्या हंगामात मात्र अशा व्हिसावर उमरा करू देत नाहीत. आपल्याला लांबची सुट्टी मिळते ती मे महिन्यात किंवा दिवाळीत. सध्याची काही वर्षं हज मे-जूनच्या सुमारास येतो, म्हणून दिवाळीच धरावी लागली. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी ते पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.

पण व्हिसा मिळाला म्हणजे वेळ मिळाला असं नाही. शहर पाहायला गेलेला माणूस उशीर झाला तर अर्ध्यातून मागे फिरतो, राहिलेलं पुन्हा कधीतरी पाहतो. उमऱ्याचं तसं नाही. एकदा इहराम बांधला की तवाफ, सफा-मरवाची सई आणि केस कापणं एवढं झाल्याशिवाय तो उतरत नाही. तवाफ करून ‘गाडी चुकेल’ म्हणून निघून जाता येत नाही. शिवाय इहरामचा निर्णय जेद्दाहला उतरल्यावर घेऊन चालत नाही. मीकात विमानात असतानाच मागे पडते. म्हणून पुरुषांनी मुंबईच्या विमानतळावरच इहरामचे कपडे घालावे लागतात आणि मीकात येण्याआधी विमानात नियत करून लब्बैक म्हणावं लागतं. ज्यांचा इरादा फक्त जेद्दाहपर्यंतचा आहे त्यांचा मसला वेगळा, तसा घरातल्या बायकांच्या पाळीच्या दिवसांचाही. आम्ही निघण्याआधीच मौलानांकडे बसून सगळं विचारून घेतलं. विमानतळावर उभं राहून फोनवर विचारायच्या या गोष्टी नाहीत.

मग वहीत हिशोब मांडला, तोही उलटा. पुढचं विमान रात्री दीडला. म्हणजे दहाला विमानतळावर. त्यासाठी मक्केहून आठची गाडी. स्टेशनवर सव्वासातला. म्हणजे हरममधून बाहेर पडायचं मगरिबनंतर लगेच, सव्वासहाला. आता पुढून मोजलं. सकाळी साडेआठला उतरणार. पासपोर्टची रांग धरून दहा. जेद्दाह विमानतळाच्या आवारातच हरमैन रेल्वेचं स्टेशन आहे. मक्का, जेद्दाह आणि मदिना जोडणारी ही वेगवान गाडी २०१८ मध्ये सुरू झाली. विमानतळावरून ती तासाभरात मक्केला पोचवते. तिथलं स्टेशन रुसैफा भागात आहे, पुढे हरमपर्यंत टॅक्सी. म्हणजे साडेबाराच्या आत आपण हरमपाशी. हातात पावणेसहा तास उरले. आम्हा दोघांना उमऱ्याला तीन तास पुरे झाले असते. पण हिशोब आमच्या पायांचा करायचा नव्हता, अम्मींच्या पायांचा करायचा होता. म्हणून तीनच्या जागी पाच तास धरले. दोन्ही बाजूंची रेल्वेची तिकिटं आधीच काढून ठेवली, म्हणजे वेळेची रेघ आखली गेली.

एवढा हिशोब करूनही एक चूक झालीच, आणि ती आमचीच. मोठ्या बॅगा मुंबईहून थेट लंडनला गेल्या, आणि अम्मींच्या गोळ्यांचा डबा त्याच बॅगेत राहिला. लक्षात आलं तेव्हा विमान समुद्रावर होतं.

हरममध्ये पोचलो तेव्हा जोहरची जमात होऊन गेली होती. आम्ही मुसाफिर, दोन रकात कसर पढली. अम्मींनी काबा पाहिला आणि त्या जागेवरच उभ्या राहिल्या. आम्ही घाई केली नाही. तेवढ्यासाठीच तर पाच तास धरले होते. तवाफच्या सात फेऱ्या त्यांनी आमच्या खांद्याला धरून, पण स्वतःच्या पायांनी पूर्ण केल्या. वाजिब नमाज बसून पढल्या, झमझम प्यायल्या, आणि उठायला गेल्या तर डोळ्यांपुढे अंधारी आली. चेहरा पांढराफटक. दोन वाजले होते.

लेकीच्या मोबाइलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता. तो घेऊन आमच्यातलं एक जण बाहेर औषधाच्या दुकानात गेलं. आपल्याकडच्या गोळीचं नाव तिथे कुणाला कळेना. नावाखाली बारीक अक्षरात जे मूळ औषधाचं नाव लिहिलेलं असतं ते दाखवलं, तेव्हा दुकानदाराने लगेच गोळी काढून दिली. अम्मींना गोळी दिली, खजूर खाऊ घातले, गार जागी पडून राहू दिलं. असरपर्यंत कुणी काही बोललं नाही. धाकटा तेवढा घड्याळ पाहत होता. त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

असरनंतर आम्ही चाकाची खुर्ची घेऊन आलो. अम्मींनी मान हलवली. ‘बीबी हाजरा धावल्या होत्या. मी खुर्चीत बसू?’

सफा ते मरवा सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास चालणं होतं. आम्ही म्हणालो, ‘अम्मी, विमान चुकलं तर दुसरं मिळेल. पण हे अर्धवट ठेवून आपल्याला कुठेच जाता येणार नाही. अल्लाहने ज्याला जेवढी ताकद दिली तेवढंच मागितलं आहे.’

त्या बसल्या. सात फेऱ्या आम्ही आळीपाळीने खुर्ची ढकलली. तिसऱ्या फेरीत अम्मींनी मागे वळून विचारलं, ‘तुमच्या अब्बांचं नाव घेतलं का दुआत?’ चार वर्षांत घरात पहिल्यांदाच त्या अब्बांच्या हजबद्दल बोलल्या. दोनदा भरलेल्या त्या फॉर्मांच्या पावत्या अजून कपाटात आहेत, हे आम्हाला तिथे कळलं.

कात्री हातातल्या सामानात नेता येत नाही, ती तिथेच विकत घेतली. मगरिब जमातीत पढून सव्वासहाची रेघ आम्ही सहा वीसला ओलांडली. अम्मींना झमझमची बाटली हवी होती. पण विमानतळाच्या तपासणीत हातातलं पाणी काढून घेतात आणि मोठ्या बॅगा तर पुढे गेलेल्या. अम्मी आणखी दोन पेले प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘चला, हे कोण काढून घेतं बघू.’ दहाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही विमानतळावर होतो.

हा आमचा उमरा झाला म्हणून प्रत्येकाने असंच करावं असं आम्ही म्हणत नाही. परतीच्या वाटेवर त्याच जेद्दाहला साडेपाच तासांचा थांबा होता. तेव्हा आम्ही बाहेर पडलो नाही. रांगा आणि येणं-जाणं वजा केलं तर हातात तासभरही उरत नव्हता. विमानतळावरच नमाज पढली, मुलं झोपली, अम्मी तसबीह ओढत बसल्या. तेही काही वाया गेलं असं वाटलं नाही.

दुसऱ्या शहरांचाही हाच हिशोब. दोह्याच्या विमानतळावरून मेट्रो थेट शहरात जाते, सूक वाकिफचा जुना बाजार आणि इस्लामी कलेचं संग्रहालय जवळच आहे. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्स सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या आपल्या प्रवाशांना शहराची फेरी मोफत घडवते. पण भारतीय पासपोर्टला कुठे कोणता व्हिसा लागतो हे आधी पाहावं. तो नसेल तर सहा तास असोत की सोळा, दाराबाहेर पाऊल पडत नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे की दोन वेगळ्या, हेही बघावं. वेगळी तिकिटं असतील तर बॅगा मध्येच उतरवून पुन्हा द्याव्या लागतात, आणि उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

हातातल्या पिशवीत चार वस्तू हव्यातच : दोन दिवसांची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड आणि पुढच्या विमानाच्या तिकिटाची कागदावरची प्रत. मोबाइलची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. आणि बाहेर पडायचं की नाही हे ठरवताना घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस डोळ्यांपुढे ठेवावं. म्हातारं माणूस असेल, तान्हं मूल असेल. त्याच्या चालीने हिशोब जमत असेल तर निघावं. त्याला मागे बसवून बाकीच्यांनी शहर पाहून यायचं असेल, तर सगळ्यांनीच बसावं.

साताऱ्याला परतल्यावर शेजारच्या बायका अम्मींना भेटायला आल्या. लंडन कसं आहे, विचारू लागल्या. अम्मी म्हणाल्या, ‘थंड आहे. पाऊस पडतो.’ मग त्यांना जवळ बसवून घेऊन त्या सतरा तासांबद्दल संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या. रात्री त्यांनी आम्हाला कपाट उघडायला लावलं. अब्बांच्या पावत्यांखाली त्यांनी स्वतःचा पासपोर्ट ठेवला.

‘हजचं फर्ज अजून बाकी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या वर्षीचा फॉर्म निघाला की सांगा. इन्शाअल्लाह, आता मला वाट माहीत आहे.’