ध्रुवीय उन्हाळ्यातील लांडग्यांचे कुटुंब

लांडग्यांचा कळप म्हणजे सतत चालणारी सत्तास्पर्धा असते आणि इतरांना नमवणारा नर तिच्यातून प्रमुख होतो, ही समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होती. तिचे मूळ मुख्यतः पिंजऱ्यातील लांडग्यांच्या निरीक्षणात होते. रुडॉल्फ शेंकेल या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांच्या हालचाली, मुद्रा आणि आवाज यांच्या बारकाईने केलेल्या नोंदी १९४७ मध्ये प्रसिद्ध केल्या. ते काम मोलाचे होते यात शंका नाही. परंतु एकाच आवारात ठेवलेल्या प्राण्यांना मोठे झाल्यावर कळप सोडून दूर जाण्याची वाटच उरत नाही, आणि त्यामुळे त्यांच्यातील भांडणांना जी धार चढते ती रानातही तशीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

रानातील लांडग्यांचे परस्परसंबंध पाहण्यास उन्हाळ्याइतका अनुकूल काळ नाही. एरवी हे प्राणी भक्ष्याच्या शोधात शेकडो चौरस किलोमीटरच्या मुलखात फिरत राहतात. उत्तरेकडील प्रदेशांत वसंत ऋतूच्या अखेरीस पिल्ले जन्माला आली, की मात्र काही आठवडे साऱ्या कळपाच्या येण्याजाण्याचे केंद्र एक बीळ किंवा गुहा होते. अलास्कातील माउंट मॅकिन्ली राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे आजच्या देनाली उद्यानाच्या परिसरात, अडॉल्फ म्युरी यांनी १९४० मध्ये अशाच एका बिळावर दूर बसून दिवसरात्र लक्ष ठेवले आणि लांडग्यांच्या आपसातील स्नेहाचे वर्णन १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले.

म्युरींना जे अंतर राखणे भाग होते, ते डेव्हिड मेक या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांना १९८६ पासून कॅनडाच्या एल्समिर बेटावर जवळजवळ पुसून टाकता आले. सुमारे ८० अंश उत्तर अक्षांशावरील या प्रदेशात जुलैमध्येही हवा थंड असते, झाडे नसल्याने दृष्टी दूरवर पोहोचते आणि उन्हाळ्यात सूर्य मावळत नसल्याने निरीक्षणाला रात्रीचा खंड पडत नाही. परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तेथील पांढऱ्या लांडग्यांचा माणसाने फारसा पाठलाग केलेला नव्हता, त्यामुळे माणसाला पाहून पळण्याची सवय त्यांना जडलेली नव्हती. मेक काही मीटरांवर बसत, शिकारीला निघालेल्या कळपामागे छोट्या चारचाकी वाहनातून जात आणि लांडगे थोड्याच दिवसांत त्यांच्या उपस्थितीकडे दुर्लक्ष करू लागत.

नवजात पिल्ले आंधळी आणि बहिरी असतात. साधारण दोन आठवड्यांनी त्यांचे डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती गुहेच्या तोंडाशी येऊ लागतात. या काळात आई त्यांना सोडून फार दूर जात नाही. शिकार दहा-वीस किलोमीटरवर झाली असली, तरी अन्न पिल्लांपर्यंत पोहोचवण्याची लांडग्यांची रीत मोठी विलक्षण आहे: प्रौढ लांडगा मांस पोटात भरून आणतो, पिल्ले धावत येऊन त्याचे तोंड चाटतात आणि त्या स्पर्शासरशी तो ते मांस त्यांच्यापुढे ओकून टाकतो. वाटेत ते अन्न कोणी हिरावून घेऊ शकत नाही आणि दुधावरून मांसावर येणाऱ्या पिल्लांना ते मऊ झालेले मिळते. अशा रीतीने आणलेल्या अन्नाचा बहुतांश वाटा पिल्लांना जातो. दूध पाजणाऱ्या मादीलाही नर असेच खाऊ घालतो. मेक यांच्याबरोबर काम केलेल्या जेन पॅकार्ड यांनी दूध तोडण्याच्या प्रक्रियेचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यातून दिसले, की ती एकाएकी घडत नाही, तर अनेक आठवडे हळूहळू चालते आणि पिल्ले सुमारे दहा आठवड्यांची होईपर्यंत पूर्ण होते.

अन्नाची मुख्य साधने दोन: ध्रुवीय ससे आणि मस्कऑक्स, म्हणजे जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या केसांचे, बैलासारख्या बांध्याचे शाकाहारी प्राणी. मस्कऑक्स धोका दिसताच वासरांना आत घेऊन शिंगांची भिंत उभी करतात, आणि ती फुटून कळप पळू लागला तरच लांडग्यांना संधी मिळते. त्यांचे बहुतेक प्रयत्न फसतात, हे जवळून पाहिल्यावरच नीट उमगते.

१३ उन्हाळ्यांच्या या निरीक्षणांच्या आधारे मेक यांनी १९९९ मध्ये मांडले, की रानातील लांडग्यांचा नेहमीचा कळप म्हणजे एक जोडपे आणि त्यांची एकदोन वर्षांतील अपत्ये यांचे कुटुंब होय. पुढारीपण लढून मिळवलेले नसते, ते आईबापपणातून येते; पिल्लांची देखभाल आणि राखण यांत मादी पुढे असते, तर शिकार आणि अन्नपुरवठा यांत नर. मागच्या वर्षीची मोठी भावंडेही धाकट्यांना अन्न आणून देतात आणि पुढे जोडीदार शोधण्यासाठी निघून जातात. या निष्कर्षाचे खरे मोल त्यामागच्या प्रामाणिकपणात आहे, कारण सर्वोच्च नर-मादीसाठी वापरली जाणारी ‘अल्फा’ ही संज्ञा रूढ होण्यास मेक यांच्याच १९७० च्या ग्रंथाचा मोठा हातभार लागला होता आणि ती सोडून द्यावी असे त्यांनीच आग्रहाने सांगितले.

एल्समिरची जवळीक मात्र अन्यत्र उचलता येत नाही. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळरानांवरील लांडग्यांची पिल्ले हिवाळ्यात जन्मतात, आणि बिळाजवळ माणसाचा वावर वाढला, की मादी पिल्ले दुसरीकडे हलवते. छायाचित्रासाठी बिळाशी जाणे म्हणजे नकळत त्या पिल्लांच्या जिवावर उठणे, हे प्रत्येक हौशी निरीक्षकाने लक्षात ठेवायला हवे.

उन्हाळी निरीक्षणाची एक मर्यादाही होती. एल्समिरवर हिवाळ्यात सुमारे चार महिने अंधार असतो आणि त्या काळात लांडगे काय करतात हे कोणी पाहिलेले नव्हते. जुलै २००९ मध्ये मेक आणि डीन क्लफ यांनी एका नराच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बसवला. एप्रिल २०१० पर्यंत त्याने पाठवलेल्या नोंदींवरून दिसले, की किमान वीस लांडग्यांचा तो कळप सहा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरच्या मुलखात फिरत होता आणि अंधारामुळे त्याच्या भटकंतीत खंड पडलेला नव्हता.