नाका आणि चौक

कोल्हापूरचा टोल रद्द झाला त्याला डिसेंबर 2025मध्ये दहा वर्षं झाली. कुठे साखर वाटल्याचं ऐकलं नाही. तिकडच्या जुन्या मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, "आरं, व्हय की!" आणि लगेच सर्किट बेंचवर घसरला. साहजिक आहे. 18 ऑगस्ट 2025ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आपला सोलापूर जिल्हाही त्याच्या कक्षेत गेला, वकील मंडळींनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी पदरात पडली. ताजा गुलाल अंगावर असताना जुना कोण उकरून काढतो?

मला तो जुना गुलाल आठवला आमच्या मोडनिंबच्या चौकात. थंडीत बोरांचा हंगाम असतो. उमराण, चमेली आणि अलीकडची ती सफरचंदाएवढी बेचव ॲपल बोरं यांनी भरलेल्या पाट्या घेऊन बायाबापड्या महामार्गाच्या कडेला बसतात. यंदा त्यांच्या नेहमीच्या जागेमागच्या रानात तारेचं कुंपण पडलं आणि फ्लेक्स लागला: ‘हायवे टच, क्लिअर टायटल, एनए कमर्शियल प्लॉट’. खाली दोन मोबाइल नंबर, वर दुबईतल्या असाव्यात अशा इमारतींचं चित्र. पाट्या सरकत सरकत नाल्याच्या कडेला गेल्या. तिथे गाडी थांबवायला जागाच नाही, मग गिऱ्हाईक कुठलं? एका म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, "जागा त्यांची हाय, आमी काय बोलायचं." एवढं बोलून ती बोरांवर पाणी शिंपडत राहिली.

मोडनिंबचा आधीचा इतिहास मी दोन ओळींत उरकणार आहे, कारण त्यात माझं मन रमत नाही. 1906 साली बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाऊ लागली आणि वाटेवरच्या मोडनिंबला स्टेशन मिळालं. मग ब्रॉडगेज आलं. पुणे-सोलापूर रस्ता आमच्या लहानपणी ‘नऊ नंबर’ होता. 2010 नंतर कागदोपत्री तो 65 झाला, तरी म्हातारी माणसं अजून नऊ नंबरच म्हणतात. चौपदरीकरण झालं, दुभाजक आला, वरवड्याला टोलनाका उभा राहिला. वीस किलोमीटरच्या आतल्यांना महिन्याचा पास मिळतो, असं कळल्यावर गावानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि जो तो कामाला लागला. विरोध वगैरे म्हणावं असं काही घडलं नाही. मी तेव्हा गावात नव्हतो. नोकरीनिमित्त कोल्हापुरात होतो आणि तिथे काय चाललंय ते बघून थक्क होत होतो.

कोल्हापूरचा एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प कागदावर देखणा होता. 2008चा करार, 220 कोटींचं काम, शहरातले 49.49 किलोमीटर रस्ते. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर कंपनीनं रस्ते बांधायचे आणि 30 वर्षं टोल वसूल करायचा. शहरात शिरायच्या वाटांवर नऊ नाके. शिरोलीहून या, सरनोबतवाडीहून या, फुलेवाडीहून या, पावती फाडल्याशिवाय आत पाऊल नाही. महामार्गावरचा टोल लोक समजू शकतात. पण घरून दवाखान्यात जायला, पोराला कॉलेजात सोडायला, मार्केट यार्डात गूळ टाकायला टोल? देशात कुठल्या महापालिकेनं आपल्याच गावाला असा वेढा घालून घेतला असेल, तर मला सांगा.

कोल्हापूरकर आधी हसले, मग चिडले. चिडले ते रस्त्यांच्या कामावर. गटारी अर्धवट, फुटपाथ नावापुरते, झाडं तोडलेली, जलवाहिन्या रस्त्याखालीच राहिल्या म्हणून नवा रस्ता पुन्हा उकरायचा. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या मागे सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. कृती समिती हा कोल्हापूरचा घरगुती उद्योगच आहे. पाण्यासाठी एक, खंडपीठासाठी एक, थेट पाइपलाइनसाठी एक. पण या समितीत एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी माणसं एका सतरंजीवर बसलेली मी पाहिली. पेठांमधल्या तालमींच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालत. बुलेटवरून येणारा पैलवान, रिक्षावाले, पेन्शनर मास्तर, फेरीवाले आणि त्या सगळ्यांच्या मध्ये करारातली कलमं वाचून दाखवणारे ऐंशी ओलांडलेले एन. डी. त्यांचा आवाज खोल जाई, पण कलमाचा आकडा चुकत नसे. माझ्या आयुष्यात सरकारी करार जाहीर सभेत वाचला जाताना आणि लोकांनी तो ऐकून घेताना मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

17 ऑक्टोबर 2013ला वसुली सुरू झाली. मग रोजचा तमाशा. कुणी नाक्यावर अडून बसे, कुणी चिल्लर मोजत गाड्यांची रांग लावी, कुणी नुसताच हात जोडून "देणार नाही" म्हणे आणि पुढे जाई. 2014च्या जानेवारीत उपोषण झालं, मंत्र्यांनी टोल जाईल असं सांगितलं, आणि वसुली मात्र चालूच राहिली. 12 जानेवारीला नाके पेटले. जाळपोळीचं समर्थन मी तेव्हाही केलं नाही, आताही करत नाही. पण ‘कोल्हापूरकरांना विकास नको’ असं पुण्यामुंबईच्या स्टुडिओत बसून सांगणाऱ्यांची नावं मला अजून पाठ आहेत. त्यातले बहुतेक आता आपापल्या गृहसंकुलासमोरच्या मेट्रोच्या पत्र्यांवर तक्रारी लिहीत असतात.

फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली, जूनमध्ये पोलिस बंदोबस्तात पुन्हा पावत्या फाटू लागल्या. त्या उन्हाळ्यात मला वाटलं, संपलं आता. माझ्या कचेरीतले एक साहेब दुपारच्या डब्याला म्हणाले, "शेवटी सगळे भरणारच. कोल्हापूरकर तेवढे दोन दिवस ओरडतात." ते निवृत्त झाले. टोल गेल्यावर पेढ्याचा बॉक्स घेऊन मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी दोन पेढे खाल्ले आणि ‘आपण जिंकलो’ म्हणाले. या ‘आपण’चा मला अजून राग आहे.

पानसरे ते बघायला नव्हते. 16 फेब्रुवारी 2015च्या सकाळी फिरून येताना त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, 20 तारखेला ते गेले. तेव्हा टोलचा प्रश्न लोंबकळतच होता. डिसेंबरात रद्द झाल्याची घोषणा झाली तेव्हा चौकाचौकात हलगी वाजली. आंदोलनात एकदाही न दिसलेले चेहरे हार घालून घेत होते, आणि ज्यांच्यावर खटले होते ते बाजूला उभे राहून तारखांचा हिशेब करत होते. एन. डी. 17 जानेवारी 2022ला गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या भाषणांत टोल सगळ्यांना आठवला.

मला आठवतो तो टेंबलाईवाडीचा भूखंड. कराराच्या पोटात तोही होता. 30 हजार चौरस मीटर जागा, 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं कंपनीला. हॉटेलासारख्या व्यापारी वापराला. टोल 30 वर्षांनी आपोआप संपणार होता. हा पट्टा आपल्या नातवंडांनाही पुरून उरणार होता. समितीच्या भाषणांत त्याचा उल्लेख येई आणि टाळ्याही पडत. पण त्या जागेसाठी रस्त्यावर कुणी झोपलं नाही. टोल रोज खिशातून जातो, पावती हातात येते, चीड ताजी राहते. जमीन एकदाच जाते आणि ती महापालिकेची असली तर कुणाचीच नसते. पुढे कंपनीला साडेचारशे कोटींच्या पुढची भरपाई सरकारी तिजोरीतून द्यायची ठरली. म्हणजे नाक्यावर न भरलेला टोल मोडनिंबच्या बोरं विकणाऱ्या म्हातारीनंही थोडा भरला, तिनं घेतलेल्या साबणावरच्या करातून. एवढं कबूल करूनही मी म्हणेन, लढा खरा होता.

जमिनीचा लढा एन. डी. जाणून होते. रायगडच्या महामुंबई सेझविरुद्ध ते उभे होते. पेणच्या बाजूच्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008ला सार्वमत घेतलं गेलं, शेतकऱ्यांनी मतदान केलं, सेझ बारगळला. तिथे सगळ्यांची जमीन एका नोटिशीत, एका दमात जाणार होती. म्हणून बावीस गावांचा एक आवाज निघाला. आमच्या चौकात नोटीस कधी येतच नाही. येतो तो इसार. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची वाळलेली डाळिंबाची बाग, कुणाचं थकलेलं पीककर्ज. एक पट्टी जाते, मग तिच्या शेजारची.

निवृत्तीनंतर गावी आलो आणि हे जवळून पाहिलं. माझा एक वर्गमित्र. महामार्गालगत त्याची सव्वा एकर. पोरानं डाळिंब लावलं, तेल्या आला, बाग गेली. दोन वर्षांपूर्वी त्यानं रस्त्याकडची पट्टी दिली. आता तिथे पेव्हर ब्लॉक आणि लोखंडी कमान आहे. आणि चौकाच्या हालांबद्दल निवेदन देणाऱ्यांत तोच पुढे होता. चौकात ट्रॅक्टर वळवायला जागा उरली नाही, शाळेच्या पोरांना दुभाजक ओलांडता येत नाही, बोरवाल्या बायका उठवल्या, असं सगळं त्यानं तहसील कचेरीत तावातावानं सांगितलं. खरंही होतं ते. बाहेर आल्यावर निवेदन देतानाचा फोटो काढला, फोटो ग्रुपवर पडला, खाली ‘निषेध निषेध’ अशी रांग लागली. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "अरे, ती कमान तुझ्याच रानात आहे." तो चिडला नाही. म्हणाला, "मग काय, शेजारच्यानं विकल्यावर मी बघत बसू? त्याच्या गाळ्याचं सांडपाणी माझ्या रानात येणार, आणि भाव मात्र त्याला?" त्याच्या या बोलण्याला उत्तर देता येत नाही. मला तरी आलं नाही.

आता कुणी म्हणेल, कायदा आहे की. आहे. 1955चा मुंबई महामार्ग कायदा आहे. त्यात इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा अशा दोन रेषा आखायची सोय आहे. रस्त्याच्या मध्यापासून अमुक अंतरात बांधायचं नाही, तमुक अंतरात परवानगीशिवाय नाही. माणसं हाकेच्या अंतरावर ठेवून रस्ता मोकळा राहावा, ही त्यामागची बुद्धी. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या मसुदाकारांना हमरस्त्याच्या कडेनं फितीसारखी पसरत जाणारी दुकानं डोळ्यांसमोर दिसली होती. आमच्याकडे या रेषा जेसीबीवाल्याला माहीत असतात. कुठपर्यंत पाया घेतला की साहेब येतात, हे तो अचूक सांगतो.

एकदाच महामार्गाची कड खरोखर सुनी झाली होती. डिसेंबर 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद केली आणि 1 एप्रिल 2017पासून शटर खाली आली. लहान गावांसाठी अंतर 220 मीटर केलं, पुढे आणखी सवलती निघाल्या आणि दिवे परत लागले. आडव्या बाटलीसाठी मतदान मागत ज्या बाया गावोगाव वर्षं घालवतात, त्यांच्या वाट्याला एवढी शांतता कधी येत नाही. ती शांतताही दिल्लीहून आली आणि दिल्लीच्याच परवानगीनं गेली. गावाला कुणी विचारलं नाही. गावानंही विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

वरवड्याच्या नाक्यावर आता पावती नाही, चिल्लर नाही, भांडण नाही. फेब्रुवारी 2021पासून फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी थांबण्याआधीच पैसे कापल्याचा मेसेज येतो. ऑगस्ट 2025पासून खासगी गाड्यांना 3000 रुपयांत 200 फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला, तो माझ्या पुतण्यानं पहिल्याच आठवड्यात घेतला आणि मला फायदा समजावून सांगितला. फायदा आहेच. पण अशा नाक्यावर एन. डीं.नी कुठे आणि कुणाला अडवलं असतं, हे मला सुचत नाही. काच खाली करायचंही कारण उरलेलं नाही.

चौकाचं मात्र अजून काही होण्यासारखं आहे. बोरवाल्या बायकांना बसायला पट्टा आखून देणं, ट्रॅक्टरच्या वळणाची जागा मोकळी ठेवणं आणि नियंत्रण रेषेच्या आतल्या बांधकामांची यादी पंचायतीच्या फलकावर लावणं, एवढा तीन कलमांचा ठराव मी लिहून ठेवलाय. ग्रामसभेत तो मांडणार आहे. सूचक मी. अनुमोदक शोधतोय. वर्गमित्रानं वाचला, चांगला झालाय म्हणाला, आणि तिसरं कलम तेवढं काढता येईल का, असं विचारलं.