ग्राहकाचा हक्क, व्यापाऱ्याचा धर्म

दसरा, धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया असे मुहूर्त जवळ आले की घरोघरी नव्या खरेदीचे बेत ठरतात. कोणाकडे फ्रीज येतो, कोणाकडे धुलाई यंत्र, तर कोणाकडे वातानुकूलन यंत्र. हळद-कुंकू वाहून वस्तूचे स्वागत होते; आणि कधी कधी महिनाही उलटत नाही तोच ती रुसून बसते. दुकानदार सांगतो, ‘कंपनीला फोन करा.’ कंपनीचा कारागीर तीनदा येतो, तीनदा दुरुस्त करतो, दोष मात्र कायम राहतो. अशा वेळी बहुतेक कुटुंबे ‘कोण कटकटीत पडणार?’ म्हणून गप्प बसतात. वास्तविक कायदा अशा वेळी ग्राहकाच्या पाठीशी उभा आहे.

कायदा काय सांगतो?

1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा आता 2019 च्या कायद्याने घेतली असून तो जुलै 2020 पासून अमलात आहे. वस्तूचा दर्जा, क्षमता, शुद्धता वा प्रमाण यांत उणीव असेल, तर ती वस्तू सदोष ठरते. बिल न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याचप्रमाणे बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि अशी मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच होय. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलाच्या तळाशी छापलेली ओळ सदोष मालाच्या बाबतीत ढाल म्हणून पुढे करता येत नाही.

‘आम्ही केवळ विक्रेते, दोष कंपनीचा’ हे उत्तरही अर्धेच खरे. पैसे दुकानदाराने घेतले, बिल त्याने दिले. खरेदीचा करार त्याच्याशीच झालेला असतो. म्हणून तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही प्रतिवादी करावे.

कागद हाच साक्षीदार

ग्राहकाची बाजू बहुधा कागदावाचून दुबळी पडते. थोडी सवलत मिळते म्हणून बिलाविना रोखीने घेतलेली वस्तू बिघडली की खरेदीचा पुरावाच हाती नसतो. यासाठी पक्के बिल, दुकानाचा शिक्का व तारीख असलेले वॉरंटी कार्ड आणि यंत्रावरील मॉडेल व अनुक्रमांक यांचे छायाचित्र एकाच फाइलमध्ये ठेवावे. वॉरंटी वाचूनही घ्यावी. फ्रीजच्या कॉम्प्रेसरची मुदत दीर्घ असली तरी उर्वरित भागांची ती अनेकदा एकच वर्ष असते.

कारागीर प्रत्येक वेळी आला की त्याच्याकडून दोषाची व दुरुस्तीची नोंद असलेली जॉब शीट अवश्य घ्यावी. एकच बिघाड पुनःपुन्हा उद्भवला, हे सिद्ध करणारा तो सर्वांत बळकट पुरावा आहे. वॉरंटी चालू असताना बाहेरच्या कारागिराला यंत्र उघडू देऊ नये. तोंडी वादावादीत वेळ न घालवता दुकानदार व कंपनी यांना लेखी तक्रार पाठवावी, उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी आणि पोच जपून ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. काही प्रकरणे तेथेच मिटतात.

आयोगाची पायरी

एवढ्यावर न भागल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. वस्तूसाठी दिलेली किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार येथेच चालते. म्हणजे घरगुती उपकरणांची प्रकरणे येथेच येतात. किंमत 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. कंपनीचे कार्यालय दूरच्या शहरात असले तरी ग्राहक जेथे राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल होते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत पाळावी.

दोष काढून देणे, नवी वस्तू देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे; प्रत्यक्षात विलंब होतो, हेही खरे. पण आदेश मोडणाऱ्यास दंड व कारावास या दोन्हींची तरतूद असल्याने तो केवळ कागदी ठरत नाही.

व्यापारी कुटुंबांसाठी एक सावधगिरी

आपल्यापैकी अनेकांना घरची वस्तूही पेढीच्या नावे, जीएसटी क्रमांक घालून घेण्याची सवय असते. ती दुहेरी धोक्याची आहे. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर कराची वजावट मिळत नाही, आणि वाद उद्भवल्यास ‘ही व्यापारी प्रयोजनासाठी केलेली खरेदी आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नव्हे’ असा आक्षेप समोरचा पक्ष घेतो. पुनर्विक्रीसाठी वा व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेला माल या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालविणाऱ्यास अपवाद आहे. खरेदी कोणी केली यापेक्षा ती मुख्यतः कशासाठी केली, हे पाहिले जाते. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी सदनिका घेतल्या होत्या. ते व्यापारी प्रयोजन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरविले. तरीही वाद ओढवून घेण्यापेक्षा घरची वस्तू घरातील व्यक्तीच्या नावेच घ्यावी, हे उत्तम.

गल्ल्याच्या दुसऱ्या बाजूने

आपण ग्राहक आहोत, तसे विक्रेतेही आहोत. आपल्या दुकानात कोणी बंद पडलेला मिक्सर घेऊन आला, तर त्याला कंपनीचा क्रमांक देऊन वाटेला लावणे सोपे असते. परंतु अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोटी मापे वापरणे आणि अस्सल म्हणून नकली माल देणे यांचा समावेश आपल्या आचार्यांनी शतकानुशतकांपूर्वी केला. गल्ल्यावरचा प्रामाणिकपणा हा श्रावकाच्या व्रताचाच भाग आहे, असा त्याचा अर्थ. सदोष वस्तू सदोष आहे हे ठाऊक असूनही टोलवाटोलवी करून पैसे अडकवून ठेवणे, हे त्या व्रताच्या भावनेशी कसे जुळेल?

व्यवहारातही यात तोटा नाही. ग्राहकाच्या वतीने कंपनीकडे तक्रार नोंदवून देणारा, तिचा पाठपुरावा करणारा आणि गरज पडल्यास वस्तू बदलून देणारा दुकानदार एका विक्रीतला नफा कदाचित गमावेल. पण त्या कुटुंबाची पुढची खरेदी त्याच्याकडेच होईल. आपल्या वाडवडिलांनी पेढ्या उभ्या केल्या त्या पतीच्या बळावर. ती पत टिकविण्यासाठी ग्राहक म्हणून हक्क निर्भयपणे मागावा आणि विक्रेता म्हणून तोच हक्क समोरच्याला न मागता द्यावा.