पाणी नितळ, पण विषारी : घरातील पहिली पाणबाग

घरात मासे पाळावेत असे मुलांना फार वाटते. बाजारात पिशवीतले रंगीत मासे दिसले की हट्ट सुरू होतो. मग वडील काचेची पेटी, रंगीत खडे आणि मासे एकाच दिवशी घरी आणतात. पेटीतले पाणी आरशासारखे नितळ असते. तरीही आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा मरतो, मुले रडतात आणि पेटी माळ्यावर जाते. "आपल्या हाताला यशच नाही," असे म्हणून विषय संपतो.

वाचक बंधू-भगिनींनो, यात नशिबाचा काही संबंध नाही. त्याला कारण आहे आणि ते समजून घेतले तर टाळताही येते.

मासे का मरतात?

माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजले की पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना मारतो. वाळूत वाढणारे काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, जे माशांना फारसे बाधत नाही आणि वनस्पतींना खत म्हणून चालते. हे जंतू नव्या पेटीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी सोडलेले मासे या काळात सापडतात.

वनस्पती मात्र अमोनिया थेट शोषून घेतात. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली सोनमासे, वॅलिस्नेरिया नावाची लांब पात्यांची पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून असा समतोल साधता येतो हे दाखवून दिले. गोगलगायी कुजकी पाने खात, वनस्पती पाणी शुद्ध ठेवत. त्या काळी ना पंप होता, ना वीज. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आधी झाडे लावा, मासे महिन्याने आणा.

पेटी कशी मांडावी?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटी पुरे. तिच्यात वाळू घालून सुमारे ५५ लिटर पाणी बसते आणि वजन ऐंशी किलोच्या आसपास जाते. म्हणून खालचा स्टँड मजबूत हवा. टिनाच्या छपराखालची तापणारी जागा आणि थेट ऊन टाळा. उन्हाने पाणी हिरवे होते.

नदीची जाड वाळू बादलीत धुवा, गढूळपणा जाईपर्यंत. तिचा दोन इंचांचा थर द्या. शेतातली काळी माती घालू नका. ती पाण्यात विरघळून महिनाभर गढूळ राहते. वॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि आंबुली या वनस्पती नवख्यांसाठी उत्तम. परदेशी बाजारात 'अंबुलिया' म्हणून विकली जाते ती आपलीच आंबुली. तळ्यातून वनस्पती आणल्यास पोटॅशच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे ठेवून धुवून घ्या. वर एक साधी एलईडी नळी रोज सात-आठ तास लावा. दुसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर माशांचे खाद्य टाकत जा. त्यावर जंतू वाढतात.

टंचाईत ही चैन कशाला?

२०१८ साली निळोणा आणि चापडोह धरणे आटल्यावर यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय सोसले ते आपण विसरलेलो नाही. म्हणून हा प्रश्न रास्त आहे. पण या पेटीला आठवड्याला एकच बादली पाणी बदलावे लागते आणि काढलेले पाणी कढीपत्त्याला, वांग्या-टोमॅटोच्या कुंडीला खत म्हणून जाते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तेव्हा ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवूनच घाला.

वीज गेली तरी घाबरू नका. झाडे भरपूर आणि मासे थोडे असतील तर काही तास पंपाविना निभते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. झाकण काढून वर जाळी ठेवा आणि पंख्याचा वारा लागू द्या.

फवारणीचे हात पेटीत नकोत

आपल्या जिल्ह्यात हे विशेष सांगावे लागते. २०१७ साली पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाला मारणारे ते औषध माशाला अत्यल्प मात्रेतही पुरते. म्हणून कपाशीच्या धुऱ्याची माती, शेताकाठच्या नालीचे पाणी किंवा वनस्पती आणू नका. फवारणीहून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पेटीत हात घालू नका. घरात डासांचा स्प्रे मारतानाही पेटी झाका.

आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगा. जे हात माशासाठी धुवायचे, तेच हात भाकरीसाठी आणि लेकराला उचलण्याआधीही धुवायचे आहेत. तिथेही विष डोळ्यांना दिसत नाही.

मासे कोणते?

झाडांना नवी पाने फुटली आणि महिना झाला की तीन गप्पी आणा. डेंग्यू-हिवतापाच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी पाण्याच्या टाक्यांत सोडतात तेच हे मासे. बोअरचे जड पाणी त्यांना मानवते. ते पिल्लांनाच जन्म देतात, त्यामुळे मुलांना मोठे नवल वाटते. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्या. पंधरा दिवस सारे ठीक असेल तरच आणखी दोन-तीन वाढवा.

पिल्ले जास्त झाली तर शेजाऱ्यांना द्या, पण नाल्यात, तलावात किंवा धरणात सोडू नका. उजनीच्या जलाशयात शिरलेल्या परदेशी सकर माशाने मच्छीमारांची जाळी फाडली, हे उदाहरण पुरेसे आहे.

मुलांच्या हाती एक वही द्या. कोणत्या तारखेला पाणी बदलले, कोणते पान पिवळे पडले, पिल्ले कधी झाली हे त्यांनीच लिहावे. मासा मेला तर वही उघडून कारण शोधावे. का मेला, हे विचारणारे मूल उद्या प्यायच्या पाण्याविषयीही हाच प्रश्न विचारेल.