जाहिरात हाही डोसचाच भाग: सायकेडेलिक थेरपी, रील्स आणि आपण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. थोडी काटछाट केलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

"मश्रूम रिट्रीट", "मायक्रोडोसिंगने एन्झायटी गायब", "तीन दिवसांत ट्रॉमा मोकळा". असे रील्स तुमच्या फीडमध्ये येतात, माझ्याही येतात. खाली लिहिलेलं असतं, "डीएम करा". आजचा प्रश्न असा: एखादा उपचार खरंच उपयोगी ठरण्याची शक्यता असेल, तर तो लोकांपर्यंत प्रामाणिकपणे कसा पोहोचवायचा? आणि त्याभोवती गट जमला, तर तो चांगला की धोक्याचा, हे ओळखायचं कसं?

आधी कायदा, एका मिनिटात

एलएसडी, एमडीएमए आणि मश्रूममधलं सायलोसायबिन हे तिन्ही पदार्थ आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत. रिट्रीट डोंगरात असो की गोव्यात, हॉल कितीही सुंदर असो, कायदा तोच. आणि एक घोळ मिटवू या. पुण्यात लोक "एमडी" म्हणतात ते मेफेड्रोन. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यावर छापा पडला, तो त्याचाच. एमडीएमए वेगळं. नावं सारखी वाटतात म्हणून "अहो, परदेशात याने उपचार करतात" असं कुणी सांगितलं, तर फसू नका.

केटामाइनची गोष्ट निराळी. ते भूल द्यायचं जुनं औषध आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही ठिकाणी डिप्रेशनसाठीही देतात. देखरेख हा शब्द इथे महत्त्वाचा. 'फ्रेंड्स'मधला मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला, तो केटामाइनच्या परिणामामुळे. तो केटामाइनचे उपचार घेत होता, पण मृत्यूच्या वेळी अंगात सापडलेलं केटामाइन त्या उपचारांतलं नव्हतं.

आकडे काय सांगतात?

२०२२ मध्ये सायलोसायबिनची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. इतर औषधांनी बरं न वाटलेले, डिप्रेशन असलेले २३३ लोक. २५ मिलीग्रॅमचा एक डोस, सोबत मानसोपचारांचा आधार. तीन आठवड्यांनी ३७ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. फक्त १ मिलीग्रॅम मिळालेल्या गटात हे प्रमाण १८ टक्के होतं. बारा आठवडे फरक टिकला तो सुमारे २० टक्के लोकांमध्ये. आणि आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याचे प्रकार सगळ्याच गटांमध्ये काही जणांच्या बाबतीत नोंदले गेले.

आता हेच रीलमध्ये कसं येतं? "एका डोसमध्ये डिप्रेशन बरं!" सदतीस टक्के हा आकडा आशादायक आहेच. पण त्याचा दुसरा अर्थ असा की दहातल्या सहाजणांना तेवढा फरक पडला नाही. प्रामाणिक जाहिरातीत हे सहाजणही दिसले पाहिजेत.

जाहिरात डोसचा भाग कशी?

साबणाची जाहिरात खोटी निघाली तर पन्नास रुपये जातात. इथे तसं नाही. या द्रव्यांचा अनुभव आपण काय अपेक्षा घेऊन बसलो यावर खूप अवलंबून असतो. शिवाय त्या काही तासांत माणूस समोरच्याचं बोलणं पटकन मनावर घेतो. म्हणजे महिनाभर रील्स बघून तुम्ही आत गेलात, तर उपचार तिथूनच सुरू झालेला असतो.

आणि फरक पडला नाही तर? "सगळ्यांना जमलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे." आधीच खचलेल्या माणसासाठी हे वाक्य किती जड आहे, विचार करा.

आपला कायदाही याबाबत गाफील नाही. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा मेंदूच्या विकारांसकट अनेक आजारांवर "हमखास इलाज" अशी औषधांची जाहिरात करायला मनाई करतो. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार जाहिरात करून पेशंट ओढणं गैरवर्तन ठरतं.

गट: आधार की दबाव?

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पीटीएसडीसाठी एमडीएमए थेरपीला मंजुरी नाकारली. त्याआधी सल्लागार समितीने परिणामकारकतेच्या प्रश्नावर ९ विरुद्ध २ असं विरोधात मत दिलं होतं. आपल्याला खरं औषध मिळालंय की नाही हे बहुतेक सहभागींना ओळखू येत होतं, ही एक अडचण. दुसरा आरोप आपल्या विषयाशी थेट जोडलेला: ही चळवळ यशस्वी व्हावी म्हणून वाईट अनुभव बोलू नयेत, असा दबाव काहींना जाणवला होता. हेतू चांगला, माणसं मनापासून काम करणारी, तरीही असं होऊ शकतं.

उलट उदाहरण आपल्याच गावात आहे. २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तिथे द्रव्य देत नाहीत, व्यसन सोडवतात, त्यामुळे तुलना फक्त गट बांधण्यापुरती. उपचार संपल्यावर फॉलोअपच्या बैठका, पत्नींसाठी 'सहचरी' गट, बरे झालेले लोक पुढे कार्यकर्ते. आणि मुख्य म्हणजे घसरण झाली तर ती लपवायची नाही. पुन्हा प्यायलो, हे सांगणारा माणूस गटाची बदनामी करत नसतो; ते ऐकण्यासाठीच तर गट असतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची गंमत ऐका. त्यांचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९५० च्या दशकात देखरेखीखाली एलएसडी घेतलं होतं आणि दारू सोडवायला त्याचा उपयोग होईल असं त्यांना वाटत होतं. संघटनेने मात्र ते उचललं नाही. प्रचार करून माणसं जमवायची नाहीत, सदस्यांची नावं उघड करायची नाहीत, हा नियम त्यांनी पाळला. बरं झालेल्या माणसाचा चेहरा पोस्टरवर लावायचा नाही, इतकं साधं.

मग डीएम करण्याआधी काय विचाराल?

• फरक न पडलेल्या लोकांचं काय झालं, हे सांगता का?
• हे कुणी घेऊ नये? घरात कुणाला सायकोसिस किंवा बायपोलर असेल तर? ("सगळ्यांना चालतं" हे उत्तर आलं, की फोन ठेवा.)
• उपचार करणाऱ्याचं रजिस्ट्रेशन कुठलं? काही बिनसलं तर तक्रार कुणाकडे करायची?
• स्पर्श, फोटो, व्हिडिओ यांची परवानगी आधी, शुद्धीत असताना घेता का?
• ग्रुप सोडला तर चालेल? ग्रुपमध्ये टीका केली तर मेसेज डिलीट होतो का?

आणि आत्ता, या क्षणी जड वाटत असेल, तर रिट्रीटची वाट बघू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट, मराठीत बोलता येतं.

संशोधन चालू राहणार आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना ही द्रव्यं देण्याची मुभा आहे, आपल्याकडेही कधीतरी हा विषय येईल. तेव्हा आपला विश्वास आधीच रील्सवाल्यांनी वापरून संपवलेला नसावा, एवढीच इच्छा. तुमचं मत कळवा, विरोधातलं असेल तर आधी कळवा. भेटू पुढच्या भागात!