कल्पवृक्ष : नंदनवनातला आणि भूतलावरचा

समुद्रमंथनातून निघालेल्या चौदा रत्नांत कल्पवृक्षाची गणना होते. इंद्राने तो नंदनवनात नेला. अमरकोशात मंदार, पारिजातक, संतान, कल्पवृक्ष व हरिचंदन असे पाच देववृक्ष सांगितले आहेत. परंतु मागेल ते देण्याची ख्याती कल्पवृक्षाचीच. त्याच्या फळाला ऋतू नाही, ठरलेली चव नाही. मागणाऱ्याच्या मनात जे असेल तेच फांदीला लागते. म्हणूनच त्याच्या छायेत बसणाऱ्याने मन शुद्ध ठेवावे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली. भलते चिंतले, तर तेही फळास येते!

हा वृक्ष भूतलावर कोठे आहे? डहाणूच्या किनाऱ्यावर विचारावे, तर बोट माडाकडे जाईल. पाणी, खोबरे, तेल, काथ्या, झावळ्या, खराटा. त्याचे काहीच वाया जात नाही. नारळी पौर्णिमेला मच्छीमार बांधव सागराला नारळ अर्पण करतात. ज्या सागराने कल्पवृक्ष दिला, त्यालाच भूलोकीच्या कल्पवृक्षाचे फळ परत करावयाचे, असा अर्थ आम्हांस या विधीत दिसतो.

तलासरीच्या रानाकडे वळले की हा मान मोहाकडे जातो. वसंतात पहाटे गळलेली त्याची फुले वेचली जातात. पुढे बियांचे तेल निघते. वारली समाजात विवाहप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली. मध्य अमेरिकेतून आलेला चिकूही घोलवडच्या मातीत असा रुजला, की २०१६ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

नंदनवनातला वृक्ष मागताक्षणी देतो. हे वृक्ष मात्र वर्षानुवर्षे वाट पाहावयास लावतात. आजोबांनी लावावे, नातवाने खावे, हीच त्यांची रीत. त्यांची अट एकच : आपण त्यांना उभे राहू द्यावे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला, तो याच संपदेच्या रक्षणासाठी. २०२४ साली वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांची चिंता वाढली. कल्पवृक्षाखाली बसून आपण काय मागतो आहोत, हा प्रश्न आता कथेपुरता उरलेला नाही.

ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात सज्जनांना चालत्या कल्पतरूंची उपमा दिली आहे. सज्जनही वृक्षासारखेच न मागता देतात. या पौर्णिमेस देवापुढे नारळ वाढवताना आपणही अंगणात एक रोप लावावे. त्याचे फळ आपल्या हाती न आले, तरी नातवंडांच्या हाती येईल.